फळचोर पक्षी आणि जुने घर

गृहशोभा हा विषय गंभीर समीक्षेच्या पंक्तीला बसण्याजोगा नाही, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची एक समजूत आहे. भिंतीवरचा कागद, पडद्याचे कापड, कोनाड्यातील जुनी समई, खिडकीबाहेरचा जाईचा वेल आणि त्यावर येऊन बसणारी चार पाखरे यांत मन रमणे हा फावल्या वेळचा विरंगुळा होय. त्याला जीवनदृष्टी असे भारदस्त नाव कशाला द्यावयाचे, असे सहज विचारले जाते. त्यातून ही हौस जुन्या वस्तूंची असली म्हणजे तिच्यावर दुसरा आरोप येतो. वर्तमानाकडे पाठ फिरवून गतकाळाच्या उबेत शिरणाऱ्या दुबळ्या मनाचे हे लक्षण आहे, असे म्हटले जाते. हे आक्षेप कितपत खरे आहेत याची परीक्षा करावयाची असल्यास एका इंग्रज कवीने काढलेली कापडावरील नक्षी समोर ठेवणे उपयुक्त होईल. तो कवी म्हणजे विल्यम मॉरिस (१८३४–१८९६), आणि ती नक्षी म्हणजे १८८३ मधील 'स्ट्रॉबेरी थीफ', अर्थात 'स्ट्रॉबेरी-चोर'. पाखरे, फुले आणि जुन्या घराची ओढ या तिन्ही गोष्टी या एका वस्त्रखंडात एकत्र आल्या आहेत.

मॉरिसच्या समकालीनांना तो प्रथम माहीत होता तो 'द अर्थली पॅरडाइस' (१८६८–७०) या दीर्घ काव्याचा कर्ता म्हणून. आज ते काव्य फारसे कोणी वाचीत नाही; त्याने काढलेल्या वेलबुट्ट्या मात्र देशोदेशींच्या दिवाणखान्यांत पोहोचल्या आहेत. या वेलबुट्ट्यांचा उगम एका बागेत आहे. फिलिप वेब या वास्तुशिल्पज्ञ मित्राने त्याच्यासाठी १८५९–६० मध्ये 'रेड हाउस' हे घर बांधले. त्या घराच्या बागेत लाकडी जाळ्यांवर गुलाब चढविलेले होते. त्यांवरून मॉरिसने १८६२ मध्ये भिंतीच्या कागदासाठी 'ट्रेलिस' ही आपली पहिली नक्षी आखली. परंतु तीतील पाखरे त्याची नाहीत. ती वेबने काढून दिली, कारण पक्षी रेखाटण्याच्या आपल्या हातोटीवर मॉरिसचा तेव्हा विश्वास नव्हता. गुलाबाचा वेल आठवणीने काढता येतो, सजीव पाखरू तसे काढता येत नाही, हे त्याने ओळखले होते. 'ट्रेलिस'पासून 'स्ट्रॉबेरी-चोर' या नक्षीपर्यंतची एकवीस वर्षे ही एका कलावंताने पाहावयास शिकण्यात घालविलेली वर्षे आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे शिक्षण त्याला मिळाले ते केल्म्‌स्कॉट मॅनर या घरी. थेम्स नदीच्या वरच्या अंगाला, ऑक्सफर्डशायर परगण्यात, सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचे हे दगडी घर त्याने १८७१ मध्ये भाड्याने घेतले आणि ते अखेरपर्यंत ठेवले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मॉरिसच्या वाडवडिलांचा या घराशी काडीचाही संबंध नव्हता. त्याचे बालपण लंडननजीकच्या सधन कुटुंबातील ऐसपैस घरांत गेले. ज्या जुन्या घरावर त्याने जीव लावला ते दुसऱ्याच्या मालकीचे होते, आणि त्यात तो सवड मिळेल तेव्हाच जाऊन राहत असे. म्हणजे त्याची गतकाळाची ओढ ही स्वतःच्या बाळपणाबद्दलचा हळवेपणा नव्हती. पूर्वीच्या गवंड्यांनी, सुतारांनी व माळ्यांनी जे काम मन लावून केले होते, त्या कामाबद्दलचा तो आदर होता.

या घराच्या परसबागेत स्ट्रॉबेरीची रोपे होती आणि त्यांच्या फळांवर थ्रश पक्ष्यांची नजर होती. थ्रश हा आपल्या कस्तुराच्या कुळातील पक्षी. पाठ तपकिरी, छातीवर गडद ठिपके आणि गळा अत्यंत गोड. फळझाडांवरील जाळीखालून हे पक्षी आत शिरत आणि पिकलेली फळे पळवीत. मॉरिसची कन्या मे हिने पुढे लिहून ठेवले आहे की, माळी या चोरांच्या माना मुरगळावयास निघाला असता, बागेतील एकाही पाखराला हात लावावयाचा नाही, असे तिच्या वडिलांनी बजावले. आपल्याकडे पीक राखणाऱ्याच्या हाती गोफण असते, आणि तिच्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. कारण दाणा गेला तर त्याच्या घरची चूल थंडावते. मॉरिसचे पोट स्ट्रॉबेरीवर अवलंबून नव्हते, त्यामुळे हे औदार्य त्याला परवडणारे होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि परवडत असूनही ज्यांना एवढे औदार्य सुचत नाही, अशांचीच संख्या जगात अधिक आहे.

आता प्रत्यक्ष नक्षीकडे वळू. गडद निळ्या भूमीवर पक्ष्यांच्या जोड्या आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे समोरासमोर मांडलेल्या आहेत. एका जोडीच्या चोचीत लालबुंद फळ आहे. दुसरीची चोच उघडी असून ती गात आहे. भोवती पाने, कळ्या, फुले व फळे यांची दाट गुंफण आहे. प्रथमदर्शनी सर्व काही मोजूनमापून बसविलेले वाटते. परंतु पक्ष्यांच्या अंगावरचे ठिपके, मान वळविण्याची ढब आणि फळ धरलेल्या चोचीतील धिटाई पाहिली म्हणजे हे पक्षी कोणी पुस्तकातून उतरविलेले नाहीत, याची खात्री पटते. नियमबद्धता आणि सजीवपणा यांचा हा मेळ साधणे हीच नक्षीकामातील खरी कसोटी आहे. नुसता नियम राखला तर कापड फरशीसारखे निर्जीव होते. नुसते निसर्गाचे अनुकरण केले तर भिंतीवर चित्र टांगल्याचा भास होतो, आणि तेच चित्र शंभर वेळा पाहून डोळ्यांना शीण येतो.

चोर आणि गवई यांना मॉरिसने एकाच वेलाखाली बसविले आहे, यात मला या कृतीचे मर्म दिसते. माळ्याच्या दृष्टीने हे पाखरू केवळ चोर. शहरातून सुटीसाठी आलेल्या रसिकाच्या दृष्टीने ते केवळ गवई. नक्षी सांगते की तो पक्षी एकच आहे, आणि गाणे हवे असेल तर फळावर पाणी सोडण्याची तयारी पाहिजे. आणखी एक साम्य येथे नोंदण्याजोगे आहे. या थ्रशच्या गाण्याचा विशेष असा की तो प्रत्येक सुरावट दोनतीनदा आळवून मगच पुढच्या सुरावटीकडे वळतो. पुनरावृत्ती हा त्याच्या गाण्याचाही प्राण आहे आणि कापडावरील नक्षीचाही. मॉरिसने हा विचार मनाशी धरला होता असा माझा दावा नाही. परंतु या पक्ष्याला छापाच्या कापडावर इतके स्वाभाविक स्थान का मिळाले, याचा उलगडा त्याने काहीसा होतो.

या सहजतेमागे श्रम किती होते हेही पाहिले पाहिजे. मॉरिसने १८७५ पासून लीक या गावी टॉमस वॉर्डल या रंगारी-कारखानदाराच्या सहवासात जुन्या वनस्पतिज रंगांचे प्रयोग चालविले होते. नीळ हा त्यांतील सर्वांत हट्टी रंग. १८८१ मध्ये त्याने वँडल नदीच्या काठी मर्टन ॲबी येथे स्वतःचा कारखाना घातला आणि तेथे ही विद्या पूर्णत्वास नेली. प्रथम सगळे कापड निळीच्या हौदात बुडवून निळे करावयाचे. मग लाकडी ठशांनी रंग काढून टाकणारे द्रव्य छापून, हवे तेथे ते पांढरे किंवा फिके निळे करावयाचे. नंतर त्या जागी लाल व पिवळा हे रंग चढवावयाचे. फिक्या निळ्यावर पिवळा चढला की पानांचा हिरवा उमटतो. या रीतीत लाल व पिवळ्या रंगांची भर पडलेली ही त्याची पहिली नक्षी. एक कापड पुरे होण्यास कित्येक दिवस लागत. अर्थात ते त्याच्या दुकानातील सर्वांत महाग सुती कापडांपैकी एक ठरले.

येथेच टीकाकाराला खरी अडचण येते. ज्या १८८३ सालच्या जानेवारीत मॉरिस 'डेमॉक्रॅटिक फेडरेशन' या संस्थेचा सभासद होऊन समाजसत्तावादाच्या चळवळीत शिरला, त्याच सालची ही नक्षी. कला सर्वांसाठी असावी असे व्याख्यानांतून सांगणारा मनुष्य धनिकांनाच परवडेल असे कापड विकत होता. याहून गंभीर आरोप दुसरा आहे. त्याच्या कुटुंबाची संपत्ती 'डेव्हन ग्रेट कॉन्सल्स' या तांब्याच्या खाणीच्या भागभांडवलातून आली होती. त्या खाणीतून सोमलही मोठ्या प्रमाणावर निघे, आणि १८७१ ते १८७५ या काळात मॉरिस तिच्या संचालकमंडळावर होता. 'ट्रेलिस' कागदाच्या एका जुन्या नमुन्यातील हिरव्या रंगात सोमल असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत आढळून आले. बागेची आठवण देणाऱ्या भिंतीत विष होते, आणि ते ज्या खाणींतून येई तेथील मजुरांना बाग ठाऊक नव्हती. हा हिशेब दडपून मॉरिसची स्तुती करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु एवढ्यावरून त्याची जुन्याची ओढ खोटी ठरते काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण ती ओढ त्याला कोठे घेऊन गेली यात आहे. पुष्कळांच्या बाबतीत गतकाळाचे प्रेम घराच्या उंबरठ्याशी थांबते. मॉरिसच्या बाबतीत ते उंबरठा ओलांडून बाहेर पडले. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या देवळांची खरवड चालली होती, ती थांबविण्यासाठी त्याने १८७७ मध्ये संस्था काढली. १८७९ मधील बर्मिंगहॅम येथील 'द आर्ट ऑफ द पीपल' या व्याख्यानात त्याने हिंदुस्थानातील हस्तकलांचा इंग्रजी व्यापार कसा नाश करीत आहे, याबद्दल आपल्याच देशबांधवांना दोष दिला. सरकार तुरुंगांत स्वस्त गालिचे विणवून घेई, त्याचाही त्यात उल्लेख आहे. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, 'द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिणारा जॉर्ज बर्डवुड बेळगावात जन्मलेला व मुंबईत वर्षानुवर्षे राहिलेला होता, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्या कारागिरांची कैफियत त्या काळी विलायतेत मांडणाऱ्यांत तो अग्रभागी होता.

याहून मोठा पुरावा 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' या कादंबरीत आहे. १८९० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कथेचा नायक भविष्यकाळातील इंग्लंडात जागा होतो आणि थेम्सच्या उगमाकडे प्रवास करीत शेवटी एका जुन्या दगडी घरापाशी येतो. ते घर केल्म्‌स्कॉटचे आहे. मॉरिसने आपले आवडते जुने घर भूतकाळात ठेवले नाही. जो समाज अद्याप यावयाचा आहे त्याच्या टोकाला त्याने ते उभे केले. 'पूर्वी असे होते' या उद्गाराचे त्याने 'पुन्हा असे का असू नये?' या प्रश्नात रूपांतर केले. गतस्मृतीच्या वाङ्मयाची पारख करावयास याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. जी आठवण वर्तमानाकडे काही मागते ती सकस. जी केवळ कुरवाळते ती रोगट.

या कसोटीवर आज त्या नक्षीचे काय होते? मॉरिसची पेढी १९४० मध्ये बंद पडली. केल्म्‌स्कॉटचे घर १९६२ पासून लंडनच्या 'सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज' या संस्थेकडे आहे. 'स्ट्रॉबेरी-चोर' मात्र उशांचे अभ्रे, चहाचे पेले, वह्यांची वेष्टने यांवर यंत्राने छापला जाऊन घरोघर गेला. कला स्वस्त झाली, म्हणजे मॉरिसची एक इच्छा विचित्र रीतीने पुरी झाली, असे म्हणावे तर दुसरी वस्तुस्थिती आड येते. १९७० नंतरच्या दशकांत ब्रिटनमधील याच थ्रश पक्ष्याची संख्या फार घटली. कुंपणे, बांध व ओलसर कुरणे शेतीच्या नव्या पद्धतीत गेली आणि त्यांबरोबर त्याचे अन्न व आसरा गेला. कापडावरचे पाखरू वाढले, बागेतले कमी झाले. ज्या माळ्याला मॉरिसने आवरले त्याहून भयंकर शत्रू त्या पक्ष्याला भेटला, आणि त्या शत्रूला आवरावयास उशीचा अभ्रा पुरत नाही.

आपणही यापासून फार दूर नाही. वाडे पाडले गेले, त्यांचे कोरीव दरवाजे दिवाणखान्यातील मेजांचे पृष्ठभाग झाले. घंगाळात आता पाण्यावर फुलांच्या पाकळ्या तरंगतात. या वस्तू सुंदर आहेत आणि त्या भंगारात गेल्या नाहीत याचा आनंदच मानला पाहिजे. पण वाड्याच्या वळचणीला, तसबिरीमागे चिमणी घरटे करी, तेव्हा खाली पडणारा काडीकचरा रोज झाडूनही ते घरटे कोणी काढीत नसे. तो दरवाजा विकत मिळाला. तो कचरा सोसण्याची वृत्ती त्याबरोबर घरी आली की नाही, हे ज्याचे त्याने पाहावयाचे आहे.

म्हणून मॉरिसच्या या कृतीचे मोल मी तिच्या रंगांत किंवा तिच्या जुनेपणात मानीत नाही. ते आहे चोरालाही गवयाच्या शेजारी जागा देण्यात. फुलांच्या व पाखरांच्या नक्षीने घर सजविण्यास कोणाचीच हरकत नसावी; फक्त खिडकीबाहेर त्या पाखरासाठी एखादे फळझाड राखलेले असावे, आणि त्याची काही फळे उष्टी निघाली तर घरच्या माणसांनी तक्रार करू नये.