शस्त्रक्रियोत्तर वेदना आणि विद्युत-ॲक्युपंक्चर : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भारतात ॲक्युपंक्चरच्या संदर्भात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव आदराने घेतले जाते. लुधियाना येथील एका ॲक्युपंक्चर रुग्णालयालाही त्यांचेच नाव आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते; १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. कोल्हापूरचे व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने ही त्यागगाथा सर्वदूर पोहोचवली. तथापि, कोटणीस हे युद्धआघाडीवरील शल्यचिकित्सक होते. ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात रुजविण्याचे श्रेय त्याच पथकातील डॉ. बसू यांच्याकडे जाते. त्यागाविषयीचा आदर हा उपचाराच्या परिणामकारकतेचा पुरावा नव्हे.

विवेचन :
१९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंग येथे ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. ती बधिर करणारी नेहमीची औषधे देऊनच झाली. सुयांचा उपचार नंतरच्या त्रासासाठी होता. परंतु 'सुयांवर शस्त्रक्रिया' असा समज जगभर पसरला. भूल देणे आणि शस्त्रक्रियेनंतरची वेदना कमी करणे हे दोन वेगळे दावे आहेत.

विद्युत-ॲक्युपंक्चरमध्ये टोचलेल्या सुयांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. चिनी शास्त्रज्ञ हान जिशेंग यांच्या संशोधनानुसार २ हर्ट्झ व १०० हर्ट्झ वारंवारतेला शरीरात वेगवेगळी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. म्हणजे येथे मोजता येईल अशी प्रक्रिया आहे.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओटीपोटाची शस्त्रक्रिया झालेल्या १०० स्त्रियांचे चार गट केले होते. सुया न टोचलेल्या गटाच्या तुलनेत पहिल्या २४ तासांतील मॉर्फिनची गरज उच्च वारंवारतेच्या गटात ६१ टक्के, तर निम्न वारंवारतेच्या गटात ४३ टक्के घटली. मात्र प्रवाह न सोडता केवळ सुया टोचलेल्या गटातही ती २१ टक्क्यांनी घटली! प्रचारक पहिला आकडा सांगतात, विरोधक शेवटचा. प्रामाणिक वाचन दोन्हींतील अंतराचे हवे. शिवाय प्रत्येक गटात केवळ २५ रुग्ण होते, आणि प्रवाहाची झिणझिण जाणवत असल्याने गटांतील फरक रुग्णापासून लपविणे कठीण असते, ही मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते.

महत्त्वाचे म्हणजे सर्वाधिक लाभ झालेल्या गटालाही मॉर्फिन लागलेच. म्हणून ही पद्धती पूरक आहे, पर्यायी नव्हे. पेठ वडगावसारख्या निमशहरी गावातील रुग्णाला 'औषधाविना वेदनामुक्ती'चे आश्वासन देऊन वेदनाशामक नाकारणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल. उलट, औषध कमी लागून मळमळ व चक्कर टळत असेल, तर निव्वळ पूर्वग्रहापोटी ही पद्धती नाकारणेही तितकेच अयोग्य होय.

समारोप :
महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाद्वारे ॲक्युपंक्चरला कायदेशीर चौकट दिली. कायदा व्यवसायाचे नियमन करतो. परिणामकारकता सिद्ध करणे हे संशोधनाचेच काम आहे. आपल्याकडील रुग्णालयांत, आपल्याच रुग्णांवर, खोट्या उपचाराशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या होणे ही आजची निकड आहे.