लागरमधलं लोणी आणि चाकणचं नाक

गेल्या शनिवारी वाकडमधल्या एका मायक्रोब्रुअरीत गेलो होतो. सोबत चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला असलेला मित्र. आम्ही टेस्टिंग फ्लाइट मागवली, म्हणजे लाकडी पट्टीवर चार छोटे ग्लास: गव्हाची बिअर, लागर, आयपीए आणि स्टाउट. लागरचा घोट घेऊन मित्र म्हणाला, "अरे, हिला लोण्याचा वास येतोय." वेटर हसून म्हणाला, "सर, ते माल्टचं कॅरेक्टर आहे. क्राफ्टची सवय व्हावी लागते."

मित्र गप्प बसला. मला बसवेना. माझी पीएचडी यीस्टवरच चालू आहे, आणि मित्राचं नाक बरोबर होतं.

तो वास डायअसिटिलचा. यीस्ट व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल बनवतं, तेव्हा मधला एक पदार्थ पेशीबाहेर सांडतो आणि बाहेर त्याचं डायअसिटिल होतं. शेवटी शेवटी तेच यीस्ट ते परत आत ओढून घेतं आणि त्याचा वास मारतं. पण लागर १० अंशांच्या आसपास आंबते, तिथे हे काम रेंगाळतं. म्हणून टाकी १६-१८ अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस थांबायचं असतं. घाई केली की लोणी ग्लासात. नळाची नळी अस्वच्छ असली तरी जिवाणू हाच वास आणतात. दोन्हीपैकी काहीही असो, चूक बनवणाऱ्याकडची, पिणाऱ्याची नाही.

टाकी उघडण्याआधीची तपासणीही सोपी आहे. थोडा नमुना बंद बाटलीत ६० अंशांवर अर्धा तास ठेवायचा, गार करायचा आणि हुंगायचा. लोणी आलं तर अजून थांबायचं. हे ऐकून मित्र म्हणाला, "म्हणजे फायनल इन्स्पेक्शनच्या आधी माल डिस्पॅच. आमच्याकडे कस्टमरला 'सवय करा' म्हटलं तर अख्खा लॉट परत येईल."

आता कौतुक. गव्हाची बिअर फर्मास होती. शेजारच्या टेबलावर कुणीतरी विचारत होतं, यात केळं कधी घालतात? घालतच नाहीत. केळ्याचा वास आयसोअमाइल असिटेटचा, लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायाकोलचा, आणि दोन्ही यीस्टचीच करणी. इथे दोन्ही तोलात होते. आयपीए ठीकठाक, कडू पण वासाला फिकी. स्टाउट मात्र बर्फासारखी गार आणली, त्यामुळे मुकी. वीस मिनिटं तशीच ठेवली, तेव्हा कुठे कॉफीचा वास बोलायला लागला. चारही ग्लास एकाच थंडीत देणं म्हणजे पुरणपोळी आणि सोलकढी एकाच तापमानाला वाढणं.

पुण्याला हे प्रकरण नवीन नाही. देवळालीवरून आलेल्या शब्दाचं नाव घेऊन डूलाली पुण्यात सुरू झाली २००९ साली. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखानाही त्याच वर्षीचा. गाड्यांच्या बाबतीत आपण तेव्हापासून मायक्रॉन मोजतोय. मग बिअरच्या बाबतीत "सवय नाही" हे उत्तर अजून का ऐकून घ्यायचं?

त्यासाठी मेन्यूवरचं इंग्रजी पाठ करायची गरज नाही. लोणी, उकडलेला मका, भिजलेला पुठ्ठा: लागरमधले तीन नेहमीचे दोष घरच्या शब्दांत सांगता येतात. वास आला तर तोच शब्द वापरा, आणि ग्लास परत पाठवा.