भोगवटादार : भोगतो कोण, नाव कुणाचं?

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडचा एखादा सातबारा मोबाईलवर उघडा. एक शब्द हमखास दिसेल : भोगवटादार. वर्ग 1 असेल तर जमीन विकायची मुभा, वर्ग 2 असेल तर आधी सरकारची परवानगी. इतकं सगळ्यांना माहीत असतं. शब्दाकडे मात्र कुणी बघत नाही.

इंग्रजी कायद्यातला ‘ऑक्युपंट’ लॅटिनमधून आला, मुळात अर्थ पकडणं, बळकावणं. अरबी ‘कब्जा’ म्हणजेही मूठ आवळणं. मराठीनं मात्र संस्कृत ‘भोग’ घेतला आणि त्याला फारसी ‘दार’ जोडला. भोग म्हणजे खाणं, उपभोगणं. आणि आपल्याकडे भोग म्हणजे नशिबी आलेलं सोसणंही. दुष्काळी बीडमध्ये दुसरा अर्थच आधी आठवतो.

हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथं शब्द चालायचे पट्टेदार आणि शिकमीदार. ‘शिकम’ म्हणजे फारसीत पोट. दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीच्या पोटात राहून ती कसणारा तो शिकमीदार. आपलं ‘पोटकूळ’ अगदी याच चालीचं. (‘पोटभाडेकरू’ म्हणताना आपल्याला कुठं पोट आठवतं?)

माझी तक्रार भोगवटादार या शब्दाबद्दल आहे. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची व्याख्या प्रत्यक्ष ताबा मागते, पण कुळाला वगळते. शब्द भोगणाऱ्याचा, हक्क नावाचा. बटईनं रान करणारा माणूस पेरतो, फवारतो, पाऊस गेला की कपाळाला हात लावतो. अनुदानाचे पैसे मात्र बहुतेक वेळा सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जातात. बाईचं तर विचारूच नका. खुरपणी तिची, वेचणी तिची, नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाऊन कोपीत संसार तिचा, आणि उताऱ्यावर नाव सासऱ्याचं. शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करा असं म्हटलं, तेव्हा ती मागणी या शब्दाला त्याच्या अर्थाशी प्रामाणिक राहायला लावणारीही होती.

जुन्या हस्तलिखित बारा नमुन्यात एक रकाना असे, ‘जमीन करणाराचे नाव’. ना फारसी, ना संस्कृतचा डौल. ‘यंदा रान कोण करतंय?’ असं गावात आजही विचारतात, तीच ही भाषा. महसुली मराठीतला मला सगळ्यात खरा वाटणारा शब्द हाच, आणि तलाठी तो रकाना बहुधा भोगवटादाराचंच नाव किंवा नुसतं ‘खुद्द’ लिहून भरून टाकत.