फंक्शनल प्रोग्रॅमिंग आणि ‘रोजचे प्रश्न’ : एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याच्या ज्या पद्धती आज प्रचलित आहेत, त्यांपैकी ‘फंक्शनल’ पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा एक आवडता दावा आहे. ही पद्धत केवळ गणितज्ञांसाठी नसून रोजचे साधे प्रश्न सोडवण्यासही ती अधिक सोपी व निर्दोष आहे, असे ते सांगतात. त्यासाठी दिली जाणारी उदाहरणेही बहुधा ठरलेली असतात : मजकुरातील शब्द मोजणे, शब्द उलटा करून पाहणे आणि यादी क्रमाने लावणे. या तीन उदाहरणांच्या आधारे त्या दाव्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मात्र तपासणीसाठी घेतलेला मजकूर इंग्रजी नाही; तो मराठी व उर्दू आहे. कडोली, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातील महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या कित्येक मुलामुलींचे शालेय शिक्षण या माध्यमांतून झालेले असते. त्यांच्या घरातील, गावातील आणि शाळेतील कागद याच लिप्यांत आहेत. तेव्हा हा विषय संगणकाच्या प्राध्यापकांवर सोपवून भाषाशिक्षकाने स्वस्थ बसणे योग्य नाही.

पद्धतीचे स्वरूप

फोरट्रान भाषेचे जनक जॉन बॅकस यांना १९७७ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्या वेळचे त्यांचे व्याख्यान १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रचलित भाषा यंत्राच्या रचनेला जखडलेल्या आहेत आणि त्यामुळे माणसाला यंत्राच्या पावलाने विचार करावा लागतो, असा त्यांचा आक्षेप होता. १९८९ मध्ये जॉन ह्यूज यांनी ‘व्हाय फंक्शनल प्रोग्रॅमिंग मॅटर्स’ या निबंधात या पद्धतीचे बळ नेमके कशात आहे ते दाखवले : लहान लहान भाग स्वतंत्रपणे रचावेत आणि ते जोडण्याची साधने मात्र भक्कम असावीत. १९९० मध्ये हॅस्केल या भाषेचा पहिला अहवाल निघाला. पुढील विवेचनात हॅस्केलच गृहीत धरली आहे.

नापास विद्यार्थ्यांची यादी करायची आहे असे समजू. नेहमीच्या पद्धतीत आपण यंत्राला हुकूम देतो : पहिले नाव घे, गुण पाहा, कमी असल्यास बाजूला लिही, पुढचे नाव घे. फंक्शनल पद्धतीत आपण फक्त संबंध सांगतो : नापासांची यादी म्हणजे मूळ यादी या चाळणीतून गाळल्यावर उरते ती. मूळ यादीला धक्का लागत नाही. त्याच यादीवर त्याच फंक्शनने कधीही तेच उत्तर मिळते.

उर्दूच्या शिक्षकाला ही कल्पना परकी वाटू नये. अरबी ‘सर्फ’ शिकवताना आपण धातू आणि वज़न वेगळे ठेवतो. ‘फ़ाइल’ हे वज़न क-त-ब या धातूला लावले की कातिब, ज़-ल-म ला लावले की ज़ालिम, ह-क-म ला लावले की हाकिम. ‘मफ़ऊल’ हे वज़न त्याच धातूंना लावले की मक्तूब, मज़लूम, महकूम. वज़न हे फंक्शन आहे, धातू ही त्याला दिलेली सामग्री आहे, आणि एकच वज़न धातूंच्या संपूर्ण यादीला लावणे म्हणजेच हॅस्केलमधील ‘मॅप’. हा दृष्टांत मर्यादित आहे हे खरे. तथापि वर्गात तो उपयोगी पडावा.

पहिली कसोटी : शब्द मोजणे

मजकुरात सर्वाधिक आलेले शब्द शोधण्याच्या प्रश्नाला इतिहास आहे. १९८६ मध्ये जॉन बेंटली यांच्या सदरासाठी डोनाल्ड क्नुथ यांनी हा प्रश्न सोडवणारी, अनेक पानांची, बारकाईने रचलेली आज्ञावली लिहिली. तिचे परीक्षण करताना डग मॅकिलरॉय यांनी तेच काम युनिक्सच्या सहा आज्ञा एकापुढे एक जोडून करून दाखवले. एका आज्ञेतून निघालेले दुसरीत जाते, दुसरीतून तिसरीत. ही भाषा हॅस्केल नव्हे. परंतु लहान भाग जोडण्याचे तत्त्व तेच असल्याने, असे थोडक्यात लिहावे याचा नमुना म्हणून त्या सहा ओळी आजही पुढे केल्या जातात.

आता कडोलीचे उदाहरण घेऊ. येथे मराठी साहित्य संमेलन भरते. त्यातील एखाद्या अध्यक्षीय भाषणात सर्वाधिक आलेले दहा शब्द काढा, असा प्रश्न विद्यार्थ्याला दिला आणि त्याने त्या सहा ओळी वापरल्या, तर हाती एकही मराठी शब्द लागणार नाही. कारण पहिल्याच आज्ञेचा अर्थ असा आहे : इंग्रजी ए ते झेड यांखेरीज जे काही असेल ते सर्व शब्दांमधील मोकळी जागा समजावे. संपूर्ण भाषण मोकळी जागा ठरते!

यावर हॅस्केलचा अभ्यासक म्हणेल की आमच्याकडे युनिकोडमधील अक्षरे ओळखणारे ‘इजअल्फा’ हे फंक्शन आहे. ते लावून पाहावे. देवनागरी व्यंजने व स्वर त्याला अक्षरे म्हणून मान्य आहेत. मात्र काना, वेलांटी, मात्रा ही चिन्हे युनिकोडच्या वर्गवारीत अक्षरे नसून ‘खुणा’ आहेत. परिणामी ‘किताब’ या शब्दाचे क, त आणि ब असे तीन तुकडे होतात. सर्फच्या तासाला शोभेल असे हे उत्तर आहे, पण शब्दगणनेत ते चूकच.

मग केवळ मोकळ्या जागेवर तोडून कडेची विरामचिन्हे काढणे हा मार्ग उरतो. मराठीत तो बहुतांशी चालतो, जरी ‘कडोली’, ‘कडोलीत’ आणि ‘कडोलीला’ हे तीन शब्द ठरतात. उर्दूत तोही पुरेसा नाही. ज्या हरफांना पुढचा हरफ जोडला जात नाही, त्यांच्यानंतर जागा न सोडताही शब्द वेगळा दिसतो. म्हणून टंकलेखक ती अनेकदा सोडत नाहीत. शिवाय उर्दू कळफलकावरचा ‘ये’ आणि अरबी कळफलकावरचा ‘ये’ यांचे युनिकोड क्रमांक भिन्न आहेत, ‘काफ’चेही तसेच. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणक दोनदा वेगळा मोजतो.

दुसरी कसोटी : शब्द उलटा करणे

उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखणे हा नवशिक्यांचा लाडका प्रश्न. हॅस्केलमधील उत्तर एका ओळीचे आहे : शब्द आणि त्याचा उलट शब्द समान आहेत का? ‘कडक’ आणि ‘सरस’ या कसोटीला उतरतात. ‘नवजीवन’ मात्र नापास होतो, कारण वेलांटी हा यादीतील स्वतंत्र घटक असल्याने उलट शब्द ‘नवीजवन’ असा निघतो. ‘डालडा’ उलटा केला तर सुरुवातच निराधार कान्याने होते.

येथे मराठी मूल बरोबर आहे आणि पाठ्यपुस्तकातील ओळ चूक आहे. दोष ‘उलट करणे’ या क्रियेत नाही. ‘एक घटक म्हणजे एक अक्षर’ या न सांगितलेल्या गृहीतात आहे. प्रथम शब्दाची अक्षरांत फोड करणारे फंक्शन लिहावे आणि मग उलट करावे. ही फोड सोपी नाही. जोडाक्षराला एकच घटक मानण्याचा नियम देवनागरीसाठी युनिकोडच्या मूळ प्रमाणात २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आला. तोपर्यंत ‘क्ष’ हे त्या नियमांनुसार दोन घटक होते. शिवाय ‘चिमा काय कामाची’ हे आपण लहानपणापासून उलटसुलट सारखे मानत आलो. पण त्यात एका टोकाला ऱ्हस्व चि आहे व दुसऱ्या टोकाला दीर्घ ची. हे समान धरायचे की नाही, याचे उत्तर कोणतीही संगणकभाषा देणार नाही. ते मराठीच्या शिक्षकाने द्यायचे आहे.

तिसरी कसोटी : हजेरीपट

नावे क्रमाने लावणे हे तर प्रत्येक महाविद्यालयाचे काम. हॅस्केलचे ‘सॉर्ट’ युनिकोड क्रमांक पाहते. देवनागरीची युनिकोडमधील मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून घेतलेली असून तिच्यात ळ हा ल च्या शेजारी आहे. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे संगणकाच्या यादीत काळे आधी आणि कावळे, काशीद नंतर. वर्णमालेप्रमाणे कावळे, काशीद आणि मग काळे. उर्दूत तर ‘पे’, ‘टे’, ‘चे’, ‘गाफ’ हे हरफ अरबी वर्णांच्या पुढच्या भागात ठेवलेले असल्याने परवेज़ हे नाव वहीदच्याही खाली जाते. वस्तुतः ‘पे’ हा उर्दूचा तिसरा हरफ आहे.

याचा उपाय मात्र या पद्धतीत फार सुबक आहे. क्रम लावण्याची क्रिया आणि क्रमाचा निकष या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. वर्णमालेतील स्थान सांगणारे एक लहान फंक्शन लिहून ते ‘सॉर्टऑन’ला द्यावे. उरलेली आज्ञावली तशीच राहते. मराठीसाठी एक तक्ता, उर्दूसाठी दुसरा.

मूल्यमापन

तिन्ही कसोट्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ‘रोजचे प्रश्न’ हा शब्दप्रयोग निरागस नाही. तो ज्यांचा रोज आहे, त्यांचीच लिपी त्यात गृहीत धरलेली असते. संक्षिप्ततेचे कौतुक करताना ओळी किती वाचल्या हे मोजले जाते. त्या ओळींनी कोणाला वगळले हे मोजले जात नाही. दुसरी, पद्धतीचा दावा यामुळे खोटा ठरत नाही, उलट एका वेगळ्या अर्थाने खरा ठरतो. भाग लहान व स्वतंत्र असल्याने चूक कोठे दडली आहे ते दिसते आणि तेवढाच भाग बदलता येतो. मॅकिलरॉय यांच्या सहा आज्ञांत बिघाड मुख्यतः पहिलीत आहे; मोजण्याची रचना तशीच कामास येते.

अर्थात ही मक्तेदारी हॅस्केलची नाही. क्रमाचा निकष बाहेरून देण्याची सोय सी भाषेच्या ‘क्यूसॉर्ट’मध्येही आहे. फरक इतकाच की तेथे ती एक सोय आहे, येथे तो विचाराचा पाया आहे. पुणे विद्यापीठातील आर. पी. मोडी यांनी सी ही अध्यापनाची भाषा म्हणून अयोग्य असल्याची मांडणी ‘सिगसे बुलेटिन’मध्ये १९९१ सालीच केली होती. ‘हे सारे पुस्तकी आहे’ हा आक्षेपही आता टिकत नाही. बंगळुरात २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘नम्म यात्री’ या रिक्षासेवेच्या सर्व्हरवरील आज्ञावली हॅस्केलमध्ये लिहिलेली आहे. पारिभाषिक शब्दांचा डोंगर आणि दुर्बोध त्रुटी-संदेश ही या भाषेची खरी अडचण आहे, आणि मराठी-उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ती अधिक जाचते, हे मान्य करावेच लागेल.

निष्कर्ष

आपल्या महाविद्यालयांत ही पद्धत शिकवली जावी, परंतु तिची उदाहरणे जशीच्या तशी उचलू नयेत. भाषा व संगणक या दोन विभागांनी मिळून प्रत्येक सत्रात निदान तीन प्रश्न तयार करावेत : मराठी भाषणातील शब्दगणना, उर्दू नावांचा हजेरीपट आणि मराठीतील उलटसुलट शब्द. वर्णक्रमाचा तक्ता भाषाशिक्षकाने द्यावा, फंक्शन विद्यार्थ्याने लिहावे. ‘नवजीवन’ला नापास करणारी ओळ पाहून जो विद्यार्थी स्वतःच्या वाचनावर शंका न घेता त्या ओळीतील गृहीत शोधू लागेल, त्याला ही पद्धत समजली असे खुशाल मानावे.