धुक्यातला तांबडा दिवा

हिवाळ्यात पहाटे अंबा नदीच्या काठाने दाट धुके चढले, की नागोठणे स्थानकाजवळचा सिग्नल दिसेनासा होतो. तांबडा असो वा हिरवा. तेच विद्यार्थी दहावीला वेगळे वाचतात. एनसीईआरटीच्या 2006 साली निघालेल्या विज्ञानाच्या पुस्तकात धोक्याचे दिवे तांबडे का, याचे कारण दिले आहे: धुके किंवा धूर यांमुळे तांबड्या प्रकाशाचे विकिरण सर्वांत कमी होते. आपणही वर्गात हेच सांगत आलो. यातला धूर बहुतांशी बरोबर, धुके चूक.

विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, हा रॅले यांचा नियम. पण त्याला अट आहे. कण तरंगलांबीच्या मानाने फार लहान, साधारण दहाव्या भागाएवढाच हवा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रोमीटर, धुक्याचे थेंब बहुधा त्याच्या कितीतरी पट मोठे. तेथे गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने 1908 साली मांडलेले गणित लागते. एवढा थेंब निळा-तांबडा असा भेद जवळजवळ करीतच नाही. म्हणून तर धुके पांढरे दिसते आणि त्याच्याआडचा सूर्यही पांढरी थाळी. उलट उदबत्तीचा धूर काळ्या फळ्यासमोर निळसर दिसतो. वर्गात जरूर दाखवा.

तंत्रज्ञही येथे फसले होते. हवेतून लेसरने संदेश पाठवताना 1550 नॅनोमीटरचा अवरक्त किरण 785 नॅनोमीटरच्या किरणापेक्षा धुक्यातून चांगला जातो, असे मानले जाई. झुळझुळीत धुरकट हवेत ते खरेही आहे. पण दृश्यमानता 500 मीटरच्या खाली गेली की हा फायदा उरत नाही, असे किम, मॅकआर्थर आणि कोरेवार यांनी 2001 साली मांडले. दृश्यमानता 200 मीटर म्हणजे, रूढ व्याख्येने, 200 मीटरवर सरळ येणाऱ्या प्रकाशाचा पन्नासावा भाग उरतो; 400 मीटरवर अडीच हजारावा! रंग बदलून ही तूट कशी भरणार?

रेल्वेला हे जुनेच ठाऊक आहे. दाट धुक्यात सिग्नलच्या अलीकडे रुळांवर फटाके लावतात. डोळ्यांचे काम कानांवर सोपवतात.

पुढच्या आवृत्तीत 'धुके' हा एक शब्द गाळला तरी पुरे. तोवर अडते ते उत्तरपत्रिकेपाशी. 'दाट धुक्यात तांबडा दिवाही दिसत नाही' असे कारणासह लिहिणाऱ्याला गुण द्यायचा का? मी देतो.