पळसाचा रंग आणि औषधाचा दावा

दरवर्षी शिमगा जवळ आला की नैसर्गिक रंगांवरील लेखांना बहर येतो. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही केशरी पाण्याची बाटली आणि शेजारी तक्ता हे दृश्य नेहमीचेच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांना तर पळसाची फुले शोधत फिरावे लागत नाही. या लिखाणाची मांडणी ठरलेली असते. प्रथम कारखान्यातील रंगांचे दुष्परिणाम, मग फुले उकळण्याची कृती आणि अखेरीस, हे रंग नैसर्गिक असल्याने त्वचेला हितकारक आहेत, जखमा व त्वचारोगही बरे करतात, असा निर्वाळा. पहिल्या दोन भागांविषयी आमची तक्रार नाही. तिसरा भाग मात्र निरीक्षणातून आलेला नाही की प्रयोगातून. 'असल्याने' या एका शब्दावर तो उभा आहे.

हा शब्द किती तकलादू आहे, हे दाखवायला त्याच जंगलातला बिबा पुरेसा आहे. बिब्याच्या टरफलातला रस चुन्याबरोबर कापडावर पक्की काळी खूण उमटवतो. परीट मंडळी पिढ्यानपिढ्या कपड्यांवर त्यानेच खुणा घालत आली. रंग अस्सल वनस्पतिजन्य. आणि हाच रस अंगाला लागला की बिबा उततो, फोड येतात, हे गावातले पोरही सांगेल. (त्याच फळातली गोडंबी आपण आवडीने खातो, ही गोष्ट वेगळी.) दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर पुरळ उठू लागले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना कारण सापडले ते कपड्यांवरच्या परिटाच्या खुणेत; १९४३ साली त्यांनी ते प्रसिद्धही केले. बिब्याच्या रसातील फिनॉल वर्गाची द्रव्ये त्वचेतील प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा या जोडीला परके समजून तिच्यावर तुटून पडते. द्रव्य झाडातून आले की कारखान्यातून, याची तिला फिकीर नसते.

पळस बिब्यासारखा दाहक नाही, हे मान्य. त्याच्या पाकळ्यांत ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन ही रंगद्रव्ये असतात. पण रंगपंचमीला घटकाभर अंगावर राहणाऱ्या त्या पाण्याने त्वचारोग बरा होतो, याला आधार कोणता? जखमा भरण्याविषयी २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उंदरांवरचा आहे आणि तोही पळसाच्या सालीच्या अर्काचा. सालीचा गुण फुलाच्या नावावर आणि उंदराची जखम माणसाच्या नावावर जमा करणे, हा हिशेब कोणत्याही शिक्षकाने वहीत चूक म्हणूनच नोंदवला असता.

हळदीच्या बाबतीत गोंधळ अधिक खोल आहे, कारण त्याला अभिमानाची जोड आहे. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राला हळदीने जखम बरी करण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय शोधनिबंध धरून ३२ संदर्भ सादर केले, आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले. लढाई योग्यच होती. पण निकाल एवढाच होता की हा उपयोग नवा नाही. लेखक मंडळी मात्र त्याचा अर्थ 'हळदीने जखम बरी होते हे अमेरिकेत सिद्ध झाले' असा लावतात. जुने असणे आणि गुणकारी असणे ही दोन वेगवेगळी विधाने आहेत.

शिवाय हळद म्हणजे केवळ तिचा पिवळा रंग नव्हे. तिच्यात बाष्पनशील तेलेही असतात. रंगद्रव्य कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळते. १९९७ च्या एका अभ्यासात शरीराच्या तापमानाला, ७.२ सामू असलेल्या साध्या द्रावणात अर्ध्या तासात त्याचे सुमारे ९० टक्के विघटन झाले. त्याहून गमतीची बाब २०१७ सालच्या 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मधील आढाव्यात आहे. कर्क्युमिन स्वतःच रंगीत व प्रकाशमान असल्याने आणि कित्येक प्रथिनांना चिकटत असल्याने ते परीक्षानळीतील चाचण्यांनाच चकवते, प्रत्यक्ष गुण नसताना गुण दिसतो. हळद निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. 'सिद्ध झाले' हा शब्द स्वस्त झाला आहे, असे म्हणतो.

रंगाने त्वचा बरी झाल्याचे खरे उदाहरण हवे असेल तर ते याच जिल्ह्यांत आहे, पण तक्त्यांवर ते कधी दिसत नाही. बाबा आमटे यांचे आनंदवन ज्या रोगासाठी वरोऱ्याजवळ उभे राहिले, त्या कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचारात क्लोफाझिमीन हे औषध आहे. ते तांबडे रंगद्रव्यच आहे. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटाचे संशोधन दगडफुलाच्या जातीच्या एका वनस्पतीतील द्रव्यापासून सुरू झाले आणि १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत घडवलेल्या या रंगापाशी पोचले. ते कुष्ठजंतूंना मारते आणि रुग्णाची त्वचा काही काळ तांबूस-काळपट करते. म्हणजे गुणकारी ठरलेला हा रंग कृत्रिम आहे आणि कांती उजळत तर नाहीच.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे कुष्ठरोगाचे जुने जिल्हे आहेत. पाठीवरचा फिकट, बधिर चट्टा दुखत नाही, खाजत नाही. प्रदर्शनातला तक्ता वाचून त्यावर कोणी हळदीचा वा फुलांचा लेप लावत बसले, तर जाणारे महिने नसांचे नुकसान करून जातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र उपचार फुकट मिळतो.

पळसाची बाटली प्रदर्शनात जरूर असावी. शेजारी हळदीने रंगवलेल्या कापडाचे दोन तुकडे ठेवावेत, एक उन्हात वाळवलेला, एक कपाटात ठेवलेला, आणि दोहोंवर साबणाचे पाणी टाकून विद्यार्थ्यांना रंगातील फरक नोंदवू द्यावा. तक्त्यावर 'त्वचेवरील परिणाम' असा रकाना असेल, तर त्यात प्रयोग कोणावर झाला आणि झाडाच्या कोणत्या भागाचा, हेही लिहायला सांगावे.