जीर्णोद्धाराची शिवण

हिंगोली जिल्ह्यात कयाधूकाठच्या नरसीला, नामदेवांचे जन्मगाव म्हणून, जो जातो तो बहुधा औंढ्याच्या नागनाथाचेही दर्शन घेतो. तेथे प्रदक्षिणा घालताना एक गोष्ट नजरेत भरते. देवळाचा खालचा भाग हेमाडपंती, मूर्तींनी भरलेला; वरचा मागाहून दुरुस्त केलेला, पेशवाई वळणाचा व साधा. ही विजोड शिवण कित्येक रसिकांना खटकते. आम्हांला ती प्रामाणिक वाटते. त्या कारागिरांनी जुन्याचे सोंग आणले नाही आणि उरलेले जुने झाकलेही नाही.

आज नदीकाठी घाट बांधताना, सभामंडप वाढवताना हा विवेक क्वचितच दिसतो. वीरगळांवर तेलरंग चढतो, जोत्याचे कोरीव दगड सिमेंटखाली जातात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने चोरून मूर्ती परदेशी नेणाऱ्याला शिक्षा होते. पण भक्तिभावाने फासलेल्या रंगाला कोण अडवणार?

नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात सुखरूप आहेत, कारण शब्द उतरून घेता येतो. दगडाचे तसे नाही. तेव्हा सणासाठी देवळाला रंग देण्यापूर्वी गावकऱ्यांनी ते दगड एकदा मुलांना दाखवावेत, आणि मग डबा उघडावा की नाही ते ठरवावे.